समुद्रकाठचा ग्रॅनाइट: वाचक विचारतात

गेल्या अंकात अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केप ॲन किनाऱ्यावरच्या जुन्या ग्रॅनाइट-खाणींची छायाचित्रं छापली होती. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच अर्थाची पत्रं एकत्र केली आहेत.

छायाचित्रांतल्या सगळ्या खाणी समुद्राला चिकटून दिसतात. ग्रॅनाइट काय किनाऱ्यावरच सापडतो? (वाचक, देवगड)

ग्रॅनाइट आतल्या भागातही भरपूर असतो. पण रेल्वे येण्याआधी तो विकायला परवडायचा तो किनाऱ्यावरचाच. हिशेब साधा आहे. एक घनफूट ग्रॅनाइट सुमारे ७५ किलो भरतो. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट जाड असा एक मध्यम चिरा सव्वा टनाच्या आसपास जातो. तो बैलगाडीनं दहा-वीस मैल न्यायचा तर दगडापेक्षा वाहतूक महाग. तोच खाणीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गलबतात चढवला की बोस्टन काय आणि न्यूयॉर्क काय, भाड्यात फारसा फरक पडत नसे. १८२६ साली बोस्टनजवळच्या क्विन्सीच्या खाणीतून बंकर हिल स्मारकाचा दगड न्यायला लोखंडी पट्ट्यांचा, घोड्यांनी ओढायचा खास रेलमार्ग बांधला. तोही कुठवर, तर नदीच्या धक्क्यापर्यंत, जेमतेम तीन मैल. पुढचा प्रवास पाण्यावरूनच.

दुसरं कारण भूगर्भातलं आहे. केप ॲन आणि त्याच्या उत्तरेचा मेन राज्याचा किनारा हिमयुगात बर्फाच्या जाड थराखाली होता. त्या बर्फानं वरची माती आणि कुजका दगड खरवडून नेला, त्यामुळे ताजा खडक उघडाच पडला आहे. खाणवाल्याला माती उपसत बसावं लागत नाही. शिवाय वरचं ओझं कमी झालं की ग्रॅनाइट जमिनीच्या पृष्ठभागाला समांतर असा थराथरांनी सुटतो. वरचे थर पातळ, खाली जावं तसे जाड. म्हणजे दगडाचा तळ निसर्गानंच सोडवून दिलेला असतो, माणसानं फक्त उभे काप घ्यायचे. खोल पाण्याचं बंदर, उघडा खडक आणि सुटे थर या तिन्ही गोष्टी एका जागी असतील तिथे खाणी वाढल्या. स्कॉटलंडचं ॲबर्डीनही बंदरच. तिथले फरसबंदीचे दगड अठराव्या शतकातच जहाजांनी लंडनला जात होते.

याच न्यायानं मुंबईकडे पाहा. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या इमारतींचा काळा दगड आसपासच्या खाणींतला, पिवळसर कुर्ल्याचा आणि मालाडचा, आणि नक्षीकामाचा मऊ चुनखडक थेट पोरबंदरहून समुद्रमार्गे आलेला.

आमच्या कुळागरात पाण्याच्या पाटावर ग्रॅनाइटचा मोठा धोंडा आडवा आहे. घर जवळ असल्यानं सुरुंग लावता येत नाही. जुन्या पाचरीच्या पद्धतीनं तो फुटेल का? (वाचक, काणकोण)

फुटेल. काणकोणचा दगड खरा ग्रॅनाइट आहे, पाळोळेच्या किनाऱ्यावरचे गोल धोंडे त्याच जातीचे. केप ॲनला सुमारे शंभर वर्षं जी पद्धत चालली तीच इथे चालते.

एका छिद्राला तीन लोखंडी तुकडे लागतात. मधे निमुळती पाचर आणि तिच्या दोन बाजूंना अर्धगोल पट्ट्या. या पट्ट्यांना आपण पाकळ्या म्हणू. पाकळी वर पातळ आणि खाली जाड असते, पाचर त्याच्या उलट. त्यामुळे पाचर खाली उतरली की पाकळ्या वरपासून तळापर्यंत सारख्या जोरानं बाजूला सरकतात. नुसती पाचर ठोकली तर ती फक्त छिद्राच्या तोंडाशी दाब देते आणि दगडाची टवकी उडते. सारं कौशल्य या दोन पाकळ्यांत आहे.

आधी धोंड्यावर रेघ मारा. रेघेच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखं वजन राहिलं पाहिजे. अर्ध्यातून अर्धं, त्याचं पुन्हा अर्धं, असंच फोडत जायचं. लोक घाई करतात आणि कडेचा चार बोटांचा तुकडा आधी काढायला जातात. तसं केलं की भेग खाली सरळ न उतरता हलक्या बाजूला वळते आणि मधेच बाहेर पडते. खालचा भाग तसाच राहतो.

छिद्रं रेघेवर, दर १० ते १५ सेंटीमीटरवर. चार फूट रेघेला आठ ते दहा पुरतात. व्यास पाकळ्यांच्या संचाप्रमाणे, बहुधा १६ ते २० मिलिमीटर. खोली पाचरीच्या लांबीपेक्षा अंगठाभर जास्त ठेवा. छिद्र उथळ राहिलं तर पाचर तळाला टेकते, मग कितीही ठोका, जोर बाजूला न जाता खाली जातो आणि पाचरीचं डोकं फुटून लोखंडाचे कण उडतात. दोन-अडीच फूट जाडीपर्यंत १० सेंटीमीटर खोल छिद्रं चालतात. धोंडा त्याहून जाड असेल तर दर तिसरं छिद्र दुप्पट खोल घ्या आणि त्यात लांब संच घाला. सगळी छिद्रं एकाच पातळीत, एकमेकांना समांतर हवीत. एक जरी तिरकं गेलं तरी भेग तिथे अडखळते. पूड फुंकून काढू नका, वाकवलेल्या तारेनं खरवडा किंवा पाण्यानं धुवा. का, ते पुढच्या एका उत्तरात येईल.

पाकळ्या बसवताना त्यांची तोंडं रेघेच्या दोन बाजूंना असली पाहिजेत, म्हणजे दाब रेघेला काटकोनात पडतो. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. एखादी जोडी फिरून रेघेच्या दिशेत बसली तर ते छिद्र शेजारच्या छिद्रांविरुद्ध काम करतं आणि त्या जागी आडवी भेग जाते.

मग ठोकणी. दीड-दोन किलोचा हातोडा पुरे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पाचरीवर एकच हलका घाव, मग पुन्हा पहिल्यापासून. पाचरी ताणल्या जातात तसा आवाज चढत जातो. सगळ्या एकाच सुरात वाजल्या पाहिजेत. एखादी खाली वाजली तर ती सैल आहे, तिला एक घाव जास्त. दोन फेऱ्यांमध्ये काही मिनिटं थांबा. ग्रॅनाइट घाव बसताक्षणी फुटतोच असं नाही, ताणाखाली राहून हळूहळू तडकतो. भेग धावली की पाचरींचा आवाज एकदम बसतो आणि रेघेवर केसासारखी रेषा दिसते. त्यानंतर जोरानं ठोकण्याचं काही काम उरत नाही, पहारीनं उकला. सुरू करण्यापूर्वी दोन्ही बाजूंना उटी, म्हणजे घरंगळू नये म्हणून अटकावाचे दगड, लावून ठेवा. सुटलेला अर्धा धोंडा उतारावर कुणाची वाट पाहत नाही.

छिद्रांत ओतून दगड तडकवणारी फुगणारी पूडही बाजारात मिळते. तिला जाड आणि खोल छिद्रं लागतात. कडक उन्हात ती छिद्रातून उसळून तोंडावर येऊ शकते, म्हणून ओतल्यावर वाकून पाहायचं नाही. एका धोंड्यासाठी पाचरी स्वस्त पडतात आणि परत वापरता येतात.

दगडाला ‘उकल’ असते असं पाथरवट म्हणतात. लाकडाला रेषा असते हे दिसतं, ग्रॅनाइटमध्ये तर नुसते ठिपके. मग दिशा कुठून आली? (वाचक, वाई)

डोळ्यांना दिसत नाही, पण असते. ग्रॅनाइटमधल्या गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, कणांत अतिसूक्ष्म भेगा असतात आणि त्यांतल्या बऱ्याच एकाच दिशेत लागलेल्या असतात. त्या दिशेनं दगड सर्वांत सहज आणि सपाट फुटतो. तिला काटकोनात दुसरी बरी दिशा, आणि या दोन्हींना छेदणारी तिसरी ती अवघड. न्यू इंग्लंडच्या खाणकामगारांकडे या तिन्हींना वेगवेगळी नावं होती, आणि खाणीचा भाव पुष्कळसा या दिशांवर ठरे. पहिल्या दिशेत छिद्रं लांब लांब घेतली तरी चालतं. तिसऱ्या दिशेत ती जवळ घ्यावी लागतात, आणि तरीही फूट खडबडीतच येते.

ओळखायची कशी? एक छोटा तुकडा तीन दिशांनी फोडून पाहा. जिथे पृष्ठभाग सर्वांत सपाट येईल ती उकल. अनुभवी माणूस ताज्या फुटीवर हात फिरवून सांगतो. एका खाणीत ही दिशा बहुधा एकच राहते, पण मोकळा धोंडा लोळलेला असतो, त्यामुळे शेजारच्या खडकावरून अंदाज बांधू नये.

फरसबंदीचे दगड पाडणाऱ्यांचं सगळं पोट या उकलीवर होतं. फूटभर लांब, चार इंच रुंद आणि सात-आठ इंच उंच असा ठोकळा छिद्र न पाडता, फक्त जड हातोड्यानं रेघ ठोकून सोडवायचा. मजुरी नगावर. केप ॲनला दोन-चार जण मिळून लहानशी खाण भाड्यानं घेत आणि असे ठोकळे पाडून मोठ्या कंपनीला विकत. उकल चांगली नसेल तर दिवस वाया.

महाबलीपुरमला खडकावर चौकोनी खाचांच्या ओळी आहेत. मार्गदर्शक म्हणाला की त्यांत सुकं लाकूड ठोकून पाणी घालत, लाकूड फुगून खडक फुटे. खरं का? (वाचक, पुणे, याच आशयाचं पत्र नागपूरहून)

ही गोष्ट जगातल्या बहुतेक जुन्या खाणींत सांगितली जाते. आम्हाला ती फारशी पटत नाही. लाकूड फुगतं आणि दाबही देतं, यात शंका नाही. पण त्या खाचा उथळ आणि वर रुंद, खाली अरुंद आहेत. अशा खाचेत फुगलेलं लाकूड वरच्या बाजूला निसटायला मोकळं असतं. तोच आकार लोखंडी पाचरीला मात्र नेमका जुळतो. लोखंड हाताशी असलेला माणूस चार बोटं खोल खाच खोदण्याचे कष्ट घेऊन वर लाकडावर भरवसा का ठेवील?

महाबलीपुरमची खरी गंमत अर्धवट राहिलेल्या लेण्यांत आणि रथांत आहे. सातव्या-आठव्या शतकातल्या पल्लवांच्या कारागिरांनी हा कठीण दगड पाचरीनं न फोडता कसा कोरला, ते तिथे जसंच्या तसं दिसतं. भिंतीवर आडवे-उभे खोल चर मारून चौकटी पाडायच्या, चरांमधला उंचवटा घण घालून उडवायचा, मग पुन्हा पुढचे चर. लेण्यात फोडलेला दगड वापरायचा नसतो, उरलेला वापरायचा असतो. त्यामुळे पाचरीनं लांब भेग धावणं तिथे धोक्याचंच.

भोकांच्या खुणांवरून दगड कधी काढला ते सांगता येतं असं ऐकलं. आम्ही बोस्टनजवळ राहतो, जंगलात जुन्या भिंती खूप आहेत. (वाचक, मॅसॅच्युसेट्स)

ढोबळ सांगता येतं. १८३० च्या आसपास तिकडे गोल छिद्र आणि पाकळ्यांची पद्धत रुळली. त्याआधी चपट्या छिन्नीनं लांबट खाचा पाडून त्यांत चपट्या पट्ट्या व चपटी पाचर घालत. म्हणून दगडाच्या कडेला सपाट, दोन-तीन बोटं रुंद खाचांची ओळ दिसली तर काम बहुधा जुनं. बोटाएवढ्या अर्धगोल नळ्यांची ओळ दिसली तर नंतरचं. नळी सरळ, गुळगुळीत आणि वर-खाली एकसारखी असेल तर यंत्रानं पाडलेली. हातानं पाडलेली किंचित निमुळती आणि त्रिकोणाकडे झुकलेली असते, कारण प्रत्येक घावानंतर छिन्नी फिरवायची ती नेमकी सारखी फिरत नाही. एक सावधगिरी बाळगा. खेड्यातला माणूस जुनी हत्यारं नवी पद्धत आल्यावरही वापरत राहतो, तेव्हा गोल नळ्यांवरून ‘याआधीचं नाही’ एवढं म्हणता येतं, पण खाचांवरून ‘यानंतरचं नाही’ असं म्हणता येत नाही.

मोठ्या खाणीच्या भिंतीवर दोन-तीन छिद्रं एकमेकांना चिकटून, मधले पडदे फोडून लांबट केलेली दिसतील. ती सुरुंगाची. बंदुकीची काळी दारू मंद जळते आणि ढकलते. छिद्र लांबट केलं की भेग त्या लांबीच्या दिशेनंच जाते आणि मोठा ठोकळा न फुटता जागचा हलतो. डायनामाइटनं नेमकं उलट होतं. खडी छान मिळते, इमारतीचा दगड मिळत नाही.

समुद्रातल्या दीपगृहांचे दगड लाटांनी उखडत कसे नाहीत? (वाचक, रत्नागिरी)

इंग्लंडच्या एडिस्टन खडकावर जॉन स्मीटननं १७५६ ते १७५९ या काळात बांधलेलं दीपगृह हा सगळ्यांचा धडा आहे. एका थरातला प्रत्येक दगड शेजारच्यात सुतारी पद्धतीच्या पारव्याच्या शेपटीसारख्या खाचेनं अडकवलेला. वरचा थर खालच्यावर घसरू नये म्हणून मधे संगमरवराचे ठोकळे. चुना धरेपर्यंत लाटेनं दगड उचलू नये म्हणून ओकच्या लाकडी खुंट्या. आणि चुना साधा नव्हे, पाण्याखाली घट्ट होणारा. साध्या चुन्याला घट्ट व्हायला हवा लागते, ओहोटीच्या दोन-चार तासांत तो वाहून जातो.

बाहेरचा थर कॉर्नवॉलच्या ग्रॅनाइटचा, आतला भाग पोर्टलंडच्या चुनखडकाचा. हा नुसता दिखाव्याचा भाग नव्हता. चुनखडक घडायला सोपा, पण समुद्रातल्या शिंपल्यांच्या जातीचे काही प्राणी त्याला पोखरतात, हे स्मीटननं प्लिमथला पाहिलं होतं. ग्रॅनाइटला ते काही करू शकत नाहीत. पुढे स्कॉटलंडच्या बेल रॉक दीपगृहातही (उजेड पहिल्यांदा १८११) हीच वाटणी आहे, खालच्या थरांना बाहेरून ग्रॅनाइट, आत वालुकाश्म.

आपल्याकडे वेगळी बुद्धी चालवली गेली. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटात मोठे दगड चुना न भरता रचले आहेत. लाटेचं पाणी फटींत शिरून जोर गमावतं आणि तसंच मागे निघून जातं. दीपगृहाच्या बारीक मनोऱ्याला हे जमणार नाही, त्याला अंगावरची प्रत्येक लाट एका देहानं झेलावी लागते. रुंद तटाला जमतं.

कोकणात एवढा कातळ असून ग्रॅनाइटच्या खाणी का झाल्या नाहीत? (वाचक, कणकवली)

कोकणचा बहुतेक कातळ ग्रॅनाइट नाही. उत्तरेपासून सिंधुदुर्गच्या वरच्या भागापर्यंत खाली काळा बेसाल्ट आणि सड्यावर जांभा. ग्रॅनाइटच्या कुळातला जुना खडक दक्षिण सिंधुदुर्गात आणि गोव्यात येतो. बेसाल्ट लाव्हाचा असल्यानं थंड होतानाच तडकलेला असतो. मोठा अखंड ठोकळा मिळणं कठीण, आणि ग्रॅनाइटसारखी सर्वत्र एकच उकलही नसते. म्हणून त्याच्या वाट्याला डबर, खडी, जाती-पाटे आणि बेताच्या आकाराचे घडीव चिरे आले.

जांभ्याला तर पाचर लावूच नये. तो भोकाभोकांचा आणि ओला असताना मऊ, पाचर आत रुतून बसते आणि भेग धावत नाही. तो कापायचा दगड आहे. पूर्वी हत्यारानं चर मारून आणि तळातून पहारीनं उचकटून चिरा काढत, आता रुळांवरून सरकणाऱ्या गोल पात्याच्या यंत्रानं काढतात. ताजा चिरा उन्हावाऱ्यात ठेवला की घट्ट होतो, म्हणून खाणीतून उतरवला तोच भिंतीत घालू नये. मातीचे पिवळे-पांढरे खिसे दिसणारा चिरा पायात तर नकोच.

ग्रॅनाइटचं दगडकाम करणारे लवकर जातात म्हणतात. धूळ तर शेतातही असते. (वाचक, सोलापूर)

शेताची धूळ आणि ही धूळ एक नाही. ग्रॅनाइटचा साधारण पाव हिस्सा गार असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि तिथे व्रण धरतात. हा सिलिकोसिस. झालेलं नुकसान भरून येत नाही, आणि क्षयाला दार उघडं होतं. उघड्यावर छिन्नी-हातोड्यानं काम चाले तोवर धूळ जाड होती, वारा तिला नेत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं आली आणि हिवाळ्यात बंद शेडमध्ये काम सुरू झालं. कामाचा वेग वाढला, धूळ बारीक झाली आणि घरातच कोंडली गेली. न्यू इंग्लंडच्या दगडकामगारांचे बळी मुख्यतः त्यानंतरचे.

आज तोच प्रकार ओट्याची फरशी कोरडी कापणाऱ्या ग्राइंडरवर चालतो. पात्यावर पाण्याची धार सतत हवी. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, एन-९५ किंवा त्याहून चांगला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा लागतो. दाढी असेल तर तो बसत नाही. काम झाल्यावर झाडू मारू नये, ओलं करून पुसून घ्यावं. कळवण्याजोग्या रोगांच्या कायदेशीर यादीत सिलिकोसिस आहे, म्हणजे असा रुग्ण आढळला तर डॉक्टरांनी कळवणं बंधनकारक आहे.

एका पुस्तकात मेनमधल्या ग्रॅनाइटच्या खांबांबद्दल वाचलं, ते मोडले म्हणे. काय झालं होतं? (वाचक, ठाणे)

न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलसाठी व्हायनलहेवन बेटावर आठ खांब घडवायचे होते. प्रत्येक सुमारे ५४ फूट लांब, ६ फूट व्यासाचा, अखंड. तयार खांबाचं वजन शंभर टनांहून जास्त. ते कातायला राक्षसी लेथ बांधलं. पण दोन टोकांवर पेललेला एवढा लांब दगड स्वतःच्या वजनानं मधे वाकू पाहतो. फिरवताना जी बाजू आत्ता दाबाखाली आहे तीच अर्ध्या फेऱ्यात ताणाखाली येते. ग्रॅनाइट दाब वाटेल तेवढा सोसतो, ताण त्याच्या एका छोट्या अंशाएवढाच. अखंड खांब लेथवर मोडले. शेवटी प्रत्येक खांब दोन तुकड्यांत करून बोटीनं न्यूयॉर्कला नेला.

खाणी बंद का पडल्या? आणि त्यांतलं निळं पाणी पोहायला चांगलं दिसतं. (वाचक, नाशिक)

काँक्रीट आणि डांबर. रस्त्याला ठोकळे नकोत, धक्क्याला चिरे नकोत, मग खाणीनं विकायचं काय? केप ॲनच्या टोकाची, आता उद्यानात असलेली हॅलिबट पॉइंटची खाण १९२९ मध्ये थांबली. ॲबर्डीनची रुबिस्लॉ १९७१ पर्यंत तगली, तोवर ती सुमारे १४२ मीटर खोल गेली होती. पंप बंद झाले की पाऊस आणि झरे खाण भरून काढतात.

पोहू नका. काठ सरळ कापलेला असतो, चढून यायला पकड मिळत नाही. वरचं पाणी कोमट आणि हातभर खाली एकदम बर्फासारखं असू शकतं. पाण्याखाली अर्धवट सोडलेल्या पायऱ्या, तारा आणि लोखंड असतं.

ओट्यासाठी काळा ग्रॅनाइट घेतोय. खरा कसा ओळखू? (वाचक, कल्याण)

अगदी काळा म्हणून विकला जातो तो भूशास्त्राच्या हिशेबानं बहुधा ग्रॅनाइट नसतोच, गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. ओट्याला तो उत्तमच. पाहायचं ते एवढंच की दगड रंगवलेला आहे का. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन घेऊन कडेला घासा, फडकं काळं झालं तर नको. दोन थेंब लिंबाचा रस टाका, फेस आला तर तो संगमरवराचा भाऊबंद आहे, आमसुलाच्या सारानंही डागाळेल. आणि फरशी उलटी करून पाठ पाहा. जाळी लावलेली असेल तर ती बहुधा ठिसूळ किंवा तडा असलेल्या दगडाला आधार द्यायला असते.